बारीकसर

अंबाजोगाईत ज्यांना बारीकसर म्हणतात ते अंगाने बारीक असतील असं समजून कुणी शोधायला निघालं, तर दिवस फुकट जाईल. सर अंगापिंडाने भरदार. मंडी बाजारात एकीकडून सर आणि दुसरीकडून उसाची ट्रॉली आली, तर ब्रेक ट्रॉलीवाला मारतो. आवाज असा की वर्गात त्यांनी ‘पेन्सिल खाली’ म्हटलं की शेजारच्या वर्गात गणिताचा पेपर सोडवणाऱ्या पोरांच्याही पेन्सिली खाली जात. असा हा माणूस श्वास रोखून, डोळ्याला भिंग लावून, दोन इंच उंच आणि दीड इंच रुंद कातड्यावर कुणाच्या तरी पापणीचा सातवा केस काढत बसलेला असतो. त्या वेळी घरात पंखा बंद, टीव्ही बंद आणि कुकरही बंद. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि एका वकिलांची भुवई थेट कानाला जाऊन भिडली. तेव्हापासून सकाळी दहा ते बारा त्या घरात डाळ शिजत नाही.

सर चित्रकलेचे शिक्षक होते, म्हणजे शाळेत चित्रकला सोडून बाकी सगळं त्यांच्याकडे असे. अक्षर चांगलं म्हणून प्रमाणपत्रांवर नावं घालायची, फळ्यावर सुविचार लिहायचा, संमेलनाचा पडदा रंगवायचा, निवडणुकीच्या याद्या करायच्या. चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना उसना दिलेला, तो कधी परत आला नाही. तरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की सर अंगात आल्यासारखे करत. माठ, वांगं आणि मागे चुरगाळलेली चादर. आमच्या पिढीने वांगी खाल्ली त्याहून जास्त काढली आहेत. ‘वांग्याला देठ आहे, देठाला काटा आहे, काट्याला टोक आहे. टोक कुठाय?’ असं म्हणून सर पाठीत धपाटा घालत. बारीकसर हे नाव त्या टोकापासून पडलं असावं.

हे सगळं निवृत्तीनंतर ओसरलं असतं. आमच्याकडे निवृत्त माणूस सकाळी योगेश्वरीचं दर्शन, दुपारी झोप आणि संध्याकाळी कट्टा यांत सुखाने मुरतो. पण सरांचा पुतण्या कंपनीच्या कामाला लंडनला गेला आणि येताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं एक पोस्टकार्ड घेऊन आला. त्यावर एका तरुणाचा चेहरा, गळ्याभोवती झालरीची चुणीदार कॉलर, मागे निळा रंग. खाली मूळ चित्राचं माप दिलेलं. सरांनी पट्टी लावली. पोस्टकार्डावरचा चेहरा मूळ चित्रापेक्षा मोठा निघाला! छापून मोठी झालेली माणसं आम्ही राजकारणात पुष्कळ पाहिली होती, सरांनी चित्रकलेत तसा माणूस पहिल्यांदाच पाहिला. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन करून विचारलं, ‘हे कशावर काढलंय?’ पुतण्याने बघून सांगितलं, ‘काका, व्हेलमवर. म्हणजे वासराचं कातडं.’

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

इथून पुढे सरांचा गुरू एकच, निकोलस हिलियर्ड. एक्झिटरच्या सोनाराचा हा मुलगा, जन्म १५४७ च्या सुमाराचा, मृत्यू १६१९ चा, एलिझाबेथ राणीचा चितारी. सर त्याच्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस लोखंडी सावरगावचा आणि सरांच्या आतेभावाबरोबर एसटीत होता. त्यात सरांना एक घबाड सापडलं. आमचे संतकवी दासोपंत १५५१ चे, समाधिस्थ झाले १६१५ ला. म्हणजे तिकडे हिलियर्ड दोन इंचांत राणी बसवत होता, त्याच काळात इकडे अंबाजोगाईत दासोपंत ‘पंचीकरण’ लिहायला सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी पसरून बसले होते. ती पासोडी आजही गावात आहे. ‘लांबीचं टोक दासोपंतांनी गाठलं,’ सर सांगतात, ‘आखूडपणाचं राहिलं होतं.’ ते कुणासाठी राहिलं होतं, हे विचारायची आमची हिंमत नाही.

आता कातडं. महाराष्ट्रात गाय-वासरांच्या हत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून ती बैलांनाही लागू झाली. तेव्हा वासराच्या कातड्याची चौकशी आपल्या भागात कुठे करावी आणि कुठे करू नये, याचं तारतम्य सरांना काकूंनी शिकवलं. मग सरांची नजर शेळीकडे वळली. बीड, लातूर, धाराशिव हा उस्मानाबादी शेळीचा मुलूख. काळी, लांब कानांची, दुष्काळातही तग धरणारी. शेळीच्या कातड्यावर जुन्या लोकांनी पोथ्या लिहिल्या आहेत, मग चेहऱ्याला काय हरकत आहे? सर हलगी मढवणाऱ्या मामांकडे गेले.

मामांचं म्हणणं सरळ होतं. ‘सर, हे वाजवायचं असतंय. हेच्यावर काढायचं नसतंय.’

पण खरं सांगायचं तर दोन्ही कामं एकाच वाटेने बरीच पुढे जातात. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस सैल झाले की खरवडायचे, चौकटीवर चारी बाजूंनी ताणायचं आणि ताणलेलं असतानाच पातळ करत वाळू द्यायचं. ते कमवायचं नाही, म्हणजे बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं नाही. कमावलं की चप्पल होते, नुसतं ताणलं की हलगी होते. हलगी व्हायच्या बेतात असलेलं कातडं कवडीने घोटून घोटून आरशासारखं केलं, की सरांचं व्हेलम. मामांनी हिशोब मांडला. एका हलगीच्या कातड्यात सरांची तीसेक माणसं बसत होती. ‘आन् हेला आवाज कुठून येनार?’ एवढीच त्यांची शंका राहिली.

हलगीचा स्वभाव मात्र कातड्याने सोडला नाही. हवेत ओल आली की हलगी ढिली पडते, म्हणून वाजवायच्या आधी ती जाळावर शेकतात. बीडच्या कोरड्या हवेत सरांची माणसं आठ महिने ताठ बसून राहिली आणि पहिल्या श्रावणात एका सावकाराच्या गालाला पोक आला. सर त्याला चुलीपाशी घेऊन गेले. काकू म्हणाल्या, ‘आयुष्यभर लोकांना शेकलं त्यानं, आता त्याची पाळी.’ असं होऊ नये म्हणून हिलियर्डचे लोक कातडं पत्त्यावर चिकटवत, हे सरांना नंतर कळलं. पत्त्यावर म्हणजे खेळायच्या पत्त्यावर. त्या जुन्या चित्रांच्या पाठीवर पत्त्यांची चिन्हं आजही दिसतात. सर खुलले. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा हाताने रंगवतात, तिकडे पत्त्याच्या पाठीवर राणी काढतात, म्हणजे कला आणि जुगार यांचं नातं जगभर एकच आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्या आठवड्यात कट्ट्यावरच्या रमीच्या कॅटमधून बदामाची राणी नाहीशी झाली. पुढच्या आठवड्यात किलवर दश्शी गेली. दिवाळीपर्यंत मंडळी एकेचाळीस पानांत रमी खेळत होती आणि एकमेकांच्या बाह्या तपासत होती.

सरांनी पत्ते वाटायची पद्धतही ठरवली आहे. ज्याचं चित्र त्याच्या योग्यतेचं पान. मुकादमाला चौकट गुलाम, डॉक्टरांना इस्पिक एक्का. चिकटवायला खळ, तीही काकूंच्याच पातेल्यात केलेली.

इथवर काकूंनी चालवून घेतलं. रंग शिंपल्यांत कालवतात म्हणून सरांनी मांजरा धरणाच्या काठावरून पिशवीभर शिंपले वेचून आणले, ते त्यांनी धुऊन दिले. डिंक बाभळीचाच लागतो म्हणून सर रानोमाळ फिरले, त्याचे काटे काढून दिले. ब्रशासाठी खारीच्या शेपटीचे केस लागतात असं कळल्यावर मात्र त्या उभ्या राहिल्या. ‘तिच्या पाठीवर रामानं हात फिरवलाय. तुम्ही शेपटीला लावून दाखवा.’ मग गल्लीतलं पांढरं मांजर काही दिवस एका कुशीने बोडकं फिरत होतं. शेवटी सरांनी पुण्याहून ट्रिपल झीरोचे ब्रश मागवले. एका केसाच्या ब्रशाने चित्र काढतात ही थाप आहे, हे सर तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात. एका केसाला रंग धरतच नाही. ब्रशाला पोट पाहिजे आणि पोटाला टोक पाहिजे. हे सांगताना ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवतात, तो नकळत फिरतो असं आम्ही धरून चालतो.

खरा तंटा पेटला तो वेशावरून. हिलियर्डने १६०० च्या सुमारास आपल्या कलेवर एक टिपण लिहून ठेवलं आहे. त्यात तो बजावतो की काम करताना अंगावर रेशीम असावं, कारण रेशमाचे तंतू गळत नाहीत. डोक्यातला कोंडा चित्रावर पडू देऊ नये. चित्रावर वाकून बोलू नये, थुंकी उडते. सरांनी हे वाचलं आणि थेट कपाट उघडलं. वडिलांचा मुकटा होता, देवपूजेचा, गणपती आणि श्राद्धाखेरीज बाहेर न निघणारा. दुसऱ्या दिवशी सर मुकटा नेसून, तोंडाला उपरणं बांधून, डोक्याला काकूंची न्हाताना घालायची प्लॅस्टिकची टोपी चढवून, पूर्वेच्या खिडकीत शेळीच्या कातड्यापुढे बसले. दूधवाल्याने बाहेरूनच हात जोडले.

काकूंचा मुद्दा बिनतोड होता. सोवळं नेसून चामड्याला शिवतात का? सरांनी हार मानली नाही. भजनात मृदंग कशाचा असतो? प्लॅस्टिकचा? ऋषी कशावर बसायचे? सतरंजीवर? वाद भटजींकडे गेला. भटजींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आपलं चित्र काढायला किती दिवस लागतील, ते विचारलं. तेव्हापासून मुकटे दोन आहेत. चित्राचा सोवळ्यातला, पूजेचा त्याहून सोवळ्यातला.

सरांपुढे चित्राला बसणं हे काय प्रकरण आहे, ते बसल्याशिवाय कळत नाही. आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघून सर शिंपल्यात एक रंग कालवतात. गोऱ्याला एक, सावळ्याला एक, रापलेल्याला एक. तो कातड्यावर एका दमात पसरायचा. हात थांबला की डाग पडतो. तुमच्या कातडीचा रंग आधी तयार आणि नाक-डोळे मागाहून यायचे, असा हा उलटा प्रकार. मग त्या सपाट लाडवावर टोकाने बारीक बारीक रेघा. फासणं नाही, पुसणं नाही. पारदर्शक रेघेवर रेघ, की गालाला गोलाई येते. आपण हलायचं नाही. बोलायचं नाही. मिशी खाजवायची नाही. सरांना मात्र सगळं चालतं, उपरण्यातून.

एका ऊसतोडीच्या मुकादमाला हे सोसलं नाही. पाच-सहाशे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नेणारा माणूस, फोनवर ओरडल्याशिवाय त्याचं जेवण पचत नाही. सरांनी त्याला तीन सकाळ गप्प बसवलं. चौथ्या दिवशी चित्र हातात दिलं. त्याने ते तळहातावर घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

‘सर, हे नमुना हाय का?’

‘हेच आहे.’

‘बाकीचं कवा करूलालाव?’

पैसे मात्र पुरे दिले. ‘लहान काम हाय, पर मेहनत दिसूलालीय’ म्हणाला. सरांच्या मते ती त्यांच्या कलेची आजवर झालेली सर्वांत समंजस समीक्षा आहे.

दिवाळीनंतर टोळ्या निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, वर भांडी, कोंबड्या, पोरं. म्हाताऱ्या माणसांजवळ शाळेतली पोरं ठेवून आई-बाप सहा महिने बाहेर. सरांच्या मनात आलं की हिलियर्डच्या काळी माणूस परगावी जाताना जिवलगाचं चित्र डबीत घालून गळ्यात बाळगायचा, ती चाल खरी बीडला शोभणारी. त्यांनी शाळेतल्या एका मुलाचा चेहरा काढला, पितळी डबीत बसवला, दोरा ओवला आणि निघालेल्या त्याच्या आईला फुकट दिला. बाईने डबी उघडली. पोराकडे खूप वेळ बघितलं. मग झाकण लावून विचारलं, ‘सर, हेच्यात नोटा मावतील का वो घडी करून?’ सरांनी पुढच्या डब्या खोल करून घेतल्या. वर पोरगं, खाली पाचशेची नोट. हे हिलियर्डच्या टिपणात नाही, पण त्याने फड कुठे पाहिला होता?

फोटोबद्दल सरांना मनापासून तिटकारा आहे. युरोपात आधी हस्तिदंताने कातड्याचा धंदा खाल्ला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा तपकिरीच्या डब्यांच्या हस्तिदंतावर रंगवायची, तिच्यापासून ते लोण पसरलं. मग १८३९ ला फोटो आला आणि त्याने दोघांनाही खाल्लं. ‘आता मोबाईल फोटोला खातोय,’ सर समाधानाने सांगतात, ‘आणि मोबाईलला कोण खातंय ते आपण बघून जाऊ.’ एवढं असून एका वर्षी त्यांना लग्नाच्या बायोडाट्याला चित्र द्यायची बुद्धी झाली.

ही बुद्धी हिलियर्डची नव्हे, हान्स होल्बाइनची. १५३९ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने त्याला क्लीव्हजच्या अ‍ॅनचं रूप टिपून आणायला पाठवलं. व्हेलमवरचं तिचं चित्र हस्तिदंती डबीत आजही त्याच लंडनच्या म्युझियममध्ये आहे. हेन्रीला पसंत पडलं. जानेवारी १५४० मध्ये लग्न झालं, जुलैत मोडलं. चित्रकाराला कुणी काही केलं नाही. स्थळ आणणाऱ्या थॉमस क्रॉमवेलचं मुंडकं मात्र त्याच महिन्यात उडालं. आरोप दुसरेच होते, पण मध्यस्थीचं खातं जगात सगळीकडे असंच बंद होतं. ही गोष्ट सरांना तोंडपाठ असून त्यांनी पाच एकर कोरडवाहूवाल्या एका जुन्या विद्यार्थ्याचं चित्र काढायला घेतलं. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुःख आमच्या जिल्ह्यात दुष्काळाच्या खालोखाल आहे. सरांनी जीव ओतला. हिलियर्डला सावली आवडत नसे. एलिझाबेथ राणी त्याच्यापुढे बसली ती उघड्या बागेत, चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून. सरांनीही सावल्या काढून टाकल्या. डोळ्यांखालची गेली, गालफडांची गेली, मानेची गेली. उन्हाने दहा वर्षांत केलेलं सगळं काम सरांनी आठवड्यात पुसलं.

मुलीकडची मंडळी बघायला आली. पोहे झाले. मुलीचे मामा घसा खाकरून म्हणाले, ‘थोरल्यांची ओळख झाली. आता धाकट्याला बोलवा.’

लग्न त्याच मुलाशी झालं, आणि मुंडकीही सगळी शाबूत राहिली. मध्यस्थाला मात्र दोन्ही पंगतींत कुणी लाडूचा आग्रह केला नाही.

सरांची लाडकी कहाणी अर्थात जहांगीरची. १६१६ साली अजमेरला इंग्लंडचा वकील टॉमस रो याने बादशहाला आपल्याजवळचं एक छोटं इंग्रजी चित्र दाखवलं आणि असं काम तुमच्याकडे होणार नाही, अशी फुशारकी मारली. बादशहाने आपल्या चिताऱ्याला ते दिलं. काही दिवसांनी रात्री रोला बोलावणं आलं. समोर एका फळीवर सहा चित्रं, पाच नकला आणि एक अस्सल. मेणबत्तीच्या उजेडात रो गोंधळला. शेवटी त्याने आपलं ओळखलं, पण घाम फुटल्यावर. इथपर्यंत इतिहास. पुढे सर गोष्ट आपल्या गावाकडे वळवतात. तो चितारी दख्खनचाच असणार! अहमदनगरच्या निजामशाहीत १५६५ च्या सुमाराला ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ चितारली गेली, ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. औरंगाबादेत १६५० ला ‘रसमंजरी’ रंगवली गेली. हाशिम नावाचा चितारी तर दख्खनेतूनच मोगलांकडे गेला. मग अजमेरचा माणूस आपला कशावरून नसेल? पुरावा सरांकडे एकच आहे: इतकं बारीक काम दुसऱ्या कुणाला जमणार?

जहांगीरकडून सरांनी आणखी एक गोष्ट उचलली आणि ती त्यांनी फक्त आम्हा दोघा-तिघांना सांगितली आहे. निजामशाहीच्या मलिक अंबरने जहांगीरला दख्खनेत कधी सुखाने बसू दिलं नाही. रणात तो सापडेना. मग बादशहाने अबुल हसनकडून चित्र काढून घेतलं. स्वतः जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा, आणि भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर तो बाण सोडतोय. अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि १६२६ ला म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात गेला. चित्र मात्र पक्कं आहे. आता, सरांच्या नोकरीच्या काळात वरचे एक साहेब होते. नाव-गाव सांगण्यात हशील नाही. त्यांनी चित्रकलेचा तास तर घेतलाच, वर सरांची वेतनश्रेणी कुठल्या तरी फाईलमध्ये वर्षानुवर्षं मुरवत ठेवली. निवृत्तीनंतर हेच साहेब चित्राला बसले. सरांनी त्यांना कसं काढावं? अतिशय सुंदर. दाणेदार मिशी, कानातली भिकबाळी, कोटाची गुंडी. साहेब खूश झाले. फ्रेम मागून पक्की बंद आहे, म्हणून साहेब कुठल्या पत्त्यावर बसलेत ते त्यांना कधी कळणार नाही. कट्ट्यावरच्या कॅटमधून जोकर मात्र त्याच आठवड्यात गेला होता.

मग आम्ही विद्यार्थ्यांनी सरांचं प्रदर्शन भरवलं. सभागृह मोठं मिळालं, तिथेच चुकलं. लोक दारातून डोकावायचे, ‘अजून लावली नाहीत वाटतं’ म्हणून परत जायचे. आम्ही टेबलावर चार भिंगं ठेवली. संध्याकाळपर्यंत दोन उरली. प्रमुख पाहुण्यांनी सरांच्या विराट प्रतिभेवर पाऊण तास भाषण केलं, टेबलाला टेकून केलं. ते घरी पोचल्यावर त्यांच्या कोपराला तहसीलदार चिकटलेले आढळले. खळ ओली होती. पाहुण्यांच्या पत्नीने ते चित्र परत पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं की इतकी हुबेहूब बिंदी असते तर ठेवून घेतली असती.

फ्लेक्सवर सर बोलतात तेव्हा लांब उभं राहावं. वीस बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे अठ्ठावीस हजार आठशे चौरस इंच. सरांचं एक चित्र तीन चौरस इंचांचं. ‘एका भावी आमदाराच्या जागेत माझी नऊ हजार सहाशे माणसं बसतात,’ ते म्हणतात, ‘आणि ती माणसं असतात.’ चौकाचौकांत, वाढदिवसाला, दहाव्याला, नेमणुकीला, नेमणूक रद्द झाली म्हणून, नेमणूक होणार म्हणून, आमच्याकडे फ्लेक्स लागतो. शिवरायांचं समकालीन चित्र गोवळकोंड्याच्या चिताऱ्यांनी काढलेलं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, एका अल्बमाच्या पानाएवढं. सर विचारतात, ‘तेवढ्यात महाराज मावले. ह्यांना वीस फूट का लागतात?’

याचं उत्तर फ्लेक्सवाल्या पोराने दिलं. तोही सरांचाच विद्यार्थी, इंटरमिजिएटला बी ग्रेड. त्याची तक्रार अशी की लोक व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवतात आणि मोठा केला की फोटो फाटतो. दिवंगत आजोबांचा तर धडका फोटोच नसतो. लग्नाच्या घोळक्यातलं अर्धं डोकं, नाहीतर आधार कार्ड. ते वीस फुटांवर गेलं की आजोबा नुसते चौकोन होतात. एका घरी सरांनी काढलेले आजोबा होते. पोराने ते स्कॅन केले. एकशे वीस पट मोठे केले. आजोबा फाटले नाहीत! सरांची प्रत्येक रेघ जिथल्या तिथे, भुवईचा एकेक केस नाड्याएवढा जाड, डोळ्यांतला उजेड ताटाएवढा. चौकात वाहनं थांबली. आधी गेलेल्या एका माणसाकडे अंबाजोगाईने एवढं निरखून क्वचितच पाहिलं असेल.

सर चिडतील म्हणून आम्ही बातमी दडवली. पण सरांनी मंडी बाजारातून येताना ते पाहिलं होतं. त्या रात्री त्यांनी पोराला फोन करून फक्त तीन अटी घातल्या. रंग भडक करायचा नाही. कडेला गुलाबाची फुलं आणि कबुतरं टाकायची नाहीत. आणि कोपऱ्यातली सही कापायची नाही, तीही त्याच हिशोबाने वाढली पाहिजे. हल्ली ती सही मोटारसायकलीएवढी येते.

आता जिल्ह्यातून कामं येतात. केजहून, धारूरहून, परळीहून. गिऱ्हाईक सरांना सांगतं, ‘मोठं करायचंय,’ आणि सर मान डोलावून दोन इंचांचं कातडं खळीवर बसवतात. मात्र नवा फ्लेक्स लागला की तपासणी होते. सकाळी उन्हं चढायच्या आत सर येतात, पोरगं शिडी धरतं. भरदार देह एकेक पायरी करकरवत वर जातो, डाव्या हाताने बांबू धरतो आणि उजव्या हाताने खिशातून भिंग काढून पंधरा फुटांवरच्या मिशीला लावतो. खाली चहाच्या गाड्यावर माणसं जमतात. कालपरवा सर वर बराच वेळ होते. शेवटी खाली न बघताच ओरडले, ‘डावीकडून चौथा केस कुणी दाबला रे? मी असा काढलेला नाही!’

‘सर, बांबूची दोरी आहे ती,’ पोरगं म्हणालं.

‘मग सोड,’ सर म्हणाले. पोराने दोरी सोडली, आणि आजोबांचा अर्धा चेहरा, सर आणि भिंग यांना चहावाल्याच्या पत्र्याने झेललं.